दोन दारांमधली सरळ रेघ

सुधा, तू जिंकलीस.

कशात जिंकलीस ते पुढे सांगते. आपल्या दोघींत भांडणं काय एकदोन होती, की नुसतं एवढं म्हटल्यावर तुला कळावं? आधी माझी तक्रार ऐक. तू माझ्याआधी जायला नको होतंस. मी तुझी मोठी नणंद, रांगेत मी पुढे उभी होते. पण "वन्सं, तुम्ही बसा, मी बघते" म्हणत माझ्या हातातलं प्रत्येक काम काढून घ्यायची तुझी जुनी खोड. हेही काढून घेतलंस.

भेटायला येणारे विचारतात, आता इथे कशा राहणार, पुण्याला जा, तिथे आपली माणसं आहेत. मी बघू म्हणते. खरं सांगायचं तर मला कुठेही जायचं नाही. अरुणची बँकेतली बदली म्हणून तुम्ही कोलकात्याला आलात. तो निवृत्त झाला, मग गेलाही, तरी तू हे घर सोडलं नाहीस. शाळेतून मोकळी झाल्यावर मी चार दिवस तुझ्या सोबतीला म्हणून आले, ती राहिलेच. रेवा सकाळी न्यू टाउनच्या ऑफिसला गेली की घरात मराठी बोलायला आपण दोघी आणि भांडायलाही आपण दोघीच. तुझी लेक गुणाची आहे, आत्या आत्या करून मला जपते, पण तिला टोमणा मारला तर तो नंतर समजावून सांगावा लागतो. मग मारण्यात काय मजा राहिली?

तर रांगोळी. तिसऱ्या मजल्यावर आपलं दार, समोर मित्राबौदींचं, म्हणजे इथल्या भाषेत मित्रावहिनींचं, दार, आणि मधे जिन्यापुढची लहानशी जागा. तिथे तू रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढायचीस. पुण्याहून कोणी येणार असलं की तू त्यांच्याकडून आधी रांगोळीचा पुडा कबूल करून घ्यायचीस, मग तब्येत विचारायचीस. ठिपक्यांचा कागद मात्र माझ्याकडे होता. जन्मभर भूमिती शिकवलेली बाई मी. पट्टीने आखून, उदबत्तीने एकेक भोक पाडून कागद तयार करायचे. तू तो फरशीवर ठेवून वरून रांगोळी फिरवायचीस, कागद उचलला की खाली ठिपके हजर. मग तुझ्या चिमटीतून रेघा निघायच्या. मी कधी तोंडावर चांगलं म्हटलं नाही, पण तशा रेघा मला फळ्यावर पट्टीशिवाय कधी जमल्या नाहीत.

मित्राबौदींना ते काही पसंत नव्हतं. त्यांच्याकडे आल्पना. भिजवलेले तांदूळ वाटून त्या पांढऱ्या पाण्यात बोट बुडवायचं आणि वेली, शंख, लक्ष्मीची पावलं काढायची. सगळं वळणावळणाचं. तुझी रांगोळी त्यांना गणिताच्या वहीसारखी वाटायची आणि त्या तसं हसून सांगायच्याही. तूही हसायचीस, आणि दार लावून आत आलीस की म्हणायचीस, "बघाल वन्सं, एक दिवस ह्या बाईला सरळ रेघ काढायला लावते की नाही." मी म्हणायचे, अशक्य. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण बौदींच्या बोटातून सरळ रेघ निघायची नाही. हा वाद आपण वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरला.

मग त्या थंडीत तू माझ्या कागदाला नावं ठेवायला लागलीस. ठिपके सरकतात म्हणे. मी कागद पट्टीने मोजून दाखवला. तू म्हणालीस, इथल्या हवेने दमट होऊन तो फुगला असेल. मी नवा केला. तोही वाकडा म्हणे. मग तू माझ्या हाताची चौकशी केलीस, हल्ली उदबत्ती धरताना थरथरतो का म्हणून. माझ्या हाताची! नाचता येईना अंगण वाकडे, असं मी तुला ऐकवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात ठेवली. इकडे तुझ्या रेघा खरंच वळायला लागल्या होत्या. ठिपक्यापासून निघायच्या सरळ, आणि मधेच काहीतरी चुकवल्यासारख्या बाजूला जायच्या.

हे सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं असेल तर मित्राबौदींच्या. त्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी तुला मिठीच मारली. "शुधादी, एतो दिने आप आल्पना शीख गया!" इतक्या वर्षांनी बंगालचं पाणी तुझ्या बोटांत उतरलं, ह्याचा त्यांना कोण आनंद. संध्याकाळी नव्या गुळाची मिठाई, त्यांचा तो संदेश, घेऊन आल्या. तुझ्या डोळ्यात काय चाललंय ह्याचा पत्ता त्यांना नव्हता, मला नव्हता, तुलाही नव्हता. आपण तिघींनी तुझ्या आजाराचा तो संदेश आवडीने खाल्ला, आणि तू तर परत मागून घेतलास.

एस्प्लनेडला रेवासाठी शाल घ्यायला गेलो, त्या दिवशी ते उघडं पडलं. मेट्रोच्या फलाटावर तू मला म्हणालीस, ही पिवळी पट्टी कोणी रंगवली, किती वेडीवाकडी आहे. पट्टी सरळ होती. मी तसं म्हटलं. आता भांडण होणार म्हणून मी तयारीतही होते, पण तू भांडली नाहीस. तू हाताने एक डोळा झाकलास, मग दुसरा. गाडी आली, दारं उघडली, माणसं आपल्याला ढकलत आत गेली, आणि तू तशीच उभी. "वन्सं," म्हणालीस, "डावा झाकला की सरळ आहे. उजवा झाकला की वाकडी." ती गाडी आपण जाऊ दिली. शालही त्या दिवशी राहिलीच.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई रेवाएवढ्याच. तुझ्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत उजेड टाकून बघितलं, मग यंत्रावर काढलेला फोटो आपल्याला दाखवला. नारिंगी गोल आणि त्यात लाल फांद्या. तू विचारलंस, हे माझ्या आत आहे? इतकं छान? त्यांनी सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण मी शिकवलं असतं तर असंच शिकवलं असतं. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा असतो. समोरची काच आणि भिंग उजेड आत घेतात, पण तो उजेड पकडून मेंदूला कळवायचं काम त्या पडद्याचं. त्याच्या बरोबर मध्यावर एक इवलीशी जागा असते. अक्षर वाचायचं, सुईत दोरा ओवायचा, माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा, हे सगळं तिच्यावर चालतं. तुझ्या डाव्या डोळ्यात नेमकी त्या जागेखाली नको त्या रक्तवाहिन्यांनी पालवी धरली होती आणि त्या झिरपत होत्या. पावसाळ्यात आपल्या न्हाणीघराच्या भिंतीचा रंग फुगतो, तसा पडदा फुगला होता. त्यावर पडणारी सरळ रेघ वाकडी होणारच.

तू माझ्याकडे वळलीस. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. "म्हणजे कागदच दमट होता," म्हणालीस. "मी सांगत नव्हते?" भर दवाखान्यात मला हसू आवरेना. अंगण खरोखरच वाकडं निघालं होतं, आणि असल्या बातमीतही तुला पहिल्यांदा सुचलं ते मला हरवायचं.

हसणं तिथेच संपलं. डॉक्टर म्हणाल्या, उपाय आहे, पण उशीर करू नका. मधली जागा एकदा कामातून गेली की परत आणता येत नाही. आणि उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. एकदा नाही, ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा.

तुला कशाला म्हणून भ्यालेलं मी पाहिलं नव्हतं. अरुणच्या शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलात तू एकटी उभी होतीस. पण डोळ्यात सुई म्हटल्यावर तुझ्या ओठांचा रंग गेला. घरी येऊन जाहीर केलंस की उजवा डोळा आहे, ह्या वयात एक पुरे. मी म्हटलं, उजव्यालाही उद्या तेच होऊ शकतं, डॉक्टरांनी सांगितलंय. तू म्हणालीस, मला सगळं दिसतं, मधलंच काय ते दिसत नाही. मी म्हटलं, भाकरीचं मधलंच गेलं तर काठ खाऊन राहणार का? आपण बोलेनाशा झालो. नेहमीच्या भांडणात निदान आवाज असायचा. ह्या वेळी तू गप्प बसून पोळ्या लाटायचीस, मी गप्प बसून वर्तमानपत्र धरायचे, आणि मला एकच दिसायचं, की घरातला एकेक दिवस तुझ्या डोळ्यातून वजा होतोय.

तुला वळवलं ते रेवाने. रविवारी पोहे खाता खाता ती तुझ्या समोर स्टूल ओढून बसली. तिने आपल्या तळव्याने तुझा उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "आई, मी दिसते?"

केस दिसतात म्हणालीस. कानातलं दिसतं, खांदे दिसतात.

"आणि मी?"

तू मान जरा तिरकी केलीस, मग दुसऱ्या बाजूला केलीस, कडेकडेने लेक शोधत राहिलीस. रेवाचा हात तुझ्या डोळ्यावर तसाच होता. मी उठून चहा टाकायला गेले, कारण मला ते बघवेना.

दुपारी तू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिलीस. डॉक्टरांची वेळ घ्या म्हणालीस. बौदी सगळ्या बिल्डिंगभर सांगत सुटल्यात की शुधादी आल्पना काढते, हे काही खरं नाही, जरा सरळ रेघा काढून दाखवल्या पाहिजेत. मी बरं म्हटलं. तू का तयार झालीस ते मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक होतं. त्या सकाळबद्दल तू शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मीही नाही. आज लिहिते, एवढंच.

पहिल्या इंजेक्शनला मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मला येत नसलेली स्तोत्रंही म्हणत होते. तू बाहेर आलीस ती डोळ्यावर पट्टी आणि चेहऱ्यावर फजिती झाल्याचा भाव. "एवढंच?" म्हणालीस. आधी डोळा बधिर करतात, जरा दाबल्यासारखं होतं, मग समोर काळे मोहरीचे दाणे तरंगतात आणि एकदोन दिवसांत जातात. ज्या सुईला घाबरून माझ्याशी अबोला धरलास, ती तुझ्या मते रांगेत बसण्यापेक्षा सोपी निघाली. पुढच्या खेपांना तू रांगेतल्या भित्र्या बायकांना आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत धीर द्यायला लागलीस. त्यातल्या दोघी तुला नर्स समजल्या होत्या.

आणि एका सकाळी तू रेवाला ऑफिसला निघता निघता दारात थांबवलंस. तिच्या हनुवटीला धरलंस, उजवा डोळा मिटलास आणि म्हणालीस, "हा तीळ एवढा मोठा कधी झाला?"

सुधा, त्या तिळाला मी मनातल्या मनात नारळ फोडला. रेवा त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेली.

डॉक्टरांनी तुला एक कार्ड दिलं होतं, उभ्याआडव्या रेघांच्या चौकटींचं, मधे एक ठिपका. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेघ कुठे वाकली, कुठे तुटली तर लगेच यायचं. तू ते बघून म्हणालीस, हे तर मी रोज दारात काढते. कार्ड फ्रिजवर राहिलं. तू रांगोळी पुरी झाली की कंबर सरळ करून उभी राहायचीस, हात धुऊन एक डोळा झाकायचीस, मधल्या ठिपक्याकडे बघायचीस, मग दुसरा. डाव्या डोळ्यात एका कोपऱ्यात रेघेला किंचित मुरड राहिली होती, ती काही गेली नाही. तू त्या कोपऱ्यावर रोज जास्वंदीचं फूल ठेवायला लागलीस.

मित्राबौदींनी हे पाहिलं, आणि त्यांना वाटलं हा मराठी लोकांचा विधी. आता तुला आठवत असेल. त्या रोज सकाळी स्वतःच्या दारात उभ्या राहून आधी रांगोळीला नमस्कार करायच्या, मग भक्तिभावाने एक डोळा झाकायच्या, मग दुसरा. त्यांचं पाहून वरच्या मजल्यावरच्या दोन सुना. मग बाजाराला उतरणारे त्यांचे सासरे, पिशवी काखेत धरून. मी तुला सांगितलं, ह्या लोकांना खरं काय ते सांगून टाक. तू म्हणालीस, कशाला? देवाच्या नावाने का होईना, करतायत ना?

इथेही तू बरोबर होतीस. बौदींना साखरेचा आजार, आणि त्याहून मोठी संदेशाची आवड. एका सकाळी त्यांनी येऊन बेल वाजवली. पूजा करताना उजव्या डोळ्याने रेघ मधेच पुसट दिसते, शुधादीने नीट काढली नाही का, असं विचारायला आल्या होत्या. तू त्यांना चपलाही नीट घालू दिल्या नाहीस. त्याच डॉक्टरांकडे नेलंस. साखरेने पडद्यावरच्या बारीक नसा पाझरत होत्या, मधल्या जागेला नुकती सूज धरायला लागली होती. डॉक्टर म्हणाल्या, साखर असलेल्या माणसाने काही त्रास नसला तरी दरवर्षी पडदा दाखवायलाच हवा, बहुतेक लोक फार उशिरा येतात. तुम्ही इतक्या वेळेवर कशा आलात? बौदींनी अभिमानाने सांगितलं, "ये लोग का मराठी पूजा है ना, उसमें पता चल गया."

तू तो प्रसंग पुढे प्रत्येकाला सांगायचीस, आणि दर वेळी माझ्याकडे बघून सांगायचीस. बौदींचा डोळा वाचला. त्यांनी संदेश कमी केले. बंद केले असं मी म्हणणार नाही, खोटं मला लिहिता येत नाही.

नेत्रदानाचं तू त्याच डॉक्टरांकडे विचारून घेतलंस. डॉक्टरांनी सांगितलं की दुसऱ्याला बसवता येते ती समोरची काच. पडदा बसवता येत नाही. तू चिडलीस. ज्या पडद्यासाठी एवढ्या सुया टोचून घेतल्या तो कोणाच्या कामाचा नाही, आणि जिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही ती काच चालते, हा कुठला न्याय? रिक्षात बसेपर्यंत तू कुरकुरत होतीस. घरी आल्यावर रेवाला समोर बसवून सांगितलंस, मी गेले की आधी नेत्रपेढीला फोन करायचा, मग रडायचं.

तिने तसंच केलं, सुधा. तू सकाळची रांगोळी काढलीस, दोन्ही डोळे तपासलेस, चहा घेतलास, खुर्चीत टेकलीस आणि तुझ्या हृदयाने कोणालाही न विचारता काम थांबवलं. रेवाने आधी फोन केला. ती माणसं आली, हलक्या हाताने आपलं काम करून गेली. दाराबाहेर पडताना तुझी रांगोळी ओलांडून गेली, मोडली नाही. मग रेवा रडली आणि मीही. आता ह्या शहरात कोणाच्या तरी डोळ्यापुढे तुझी काच आहे. पडदा तू बरोबर घेऊन गेलीस. रेवाचा तीळ त्यावर होता, माझं तोंड होतं, अगदी मध्यावर, धुरकट नाही. तू आम्हाला शेवटपर्यंत सबंध पाहिलंस. दुसरं काही मी मागणार नव्हते.

सुतकात दारात रांगोळी नाही. जागा मोकळी. सवयीने माणसं जिना उतरताना थांबतात, खाली बघतात, आणि तशीच जातात. मला ते आतून ऐकू येतं.

काल सकाळी पावलं थांबली, पण लगेच गेली नाहीत. कुजबुज झाली. मी दार उघडलं. मित्राबौदी आपल्या उंबऱ्यापुढे जमिनीवर बसल्या होत्या. आपल्या दारात चालत नाही हे रेवाकडून विचारून घेतलं होतं त्यांनी, म्हणून स्वतःच्या दारात. रेवाने माझा कागदही गुपचूप देऊन टाकला होता. ठिपके कोरड्या पिठाचे, रेघा वाटलेल्या तांदळाच्या. वेल नाही, शंख नाही, पाऊल नाही. ठिपक्याला ठिपका जोडत बौदींचं ओलं बोट जीव मुठीत धरून चाललं होतं, आणि वरच्या मजल्यावरचे सासरे पिशवी काखेत धरून, एक डोळा झाकून, रांगोळी पुरी व्हायची वाट बघत होते.

बौदींनी मान वर केली. "बोडदी," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं मला म्हणाल्या, "शीधा हुआ?"

मी डावा डोळा झाकला. मग उजवा. दोन्ही वेळा रेघ तेवढीच वाकडी, त्याच जागी. म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत आणि बौदींचा हात वाकडा आहे. जन्मभरात मी वाकड्या रेघेला सरळ म्हटलेलं नाही, शाळेत पोरींच्या वह्यांवर फुल्याच मारत आले. मग मी दोन्ही डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं, आणि सगळ्याच रेघा हलायला लागल्या.

"सीधा है, बौदी," मी म्हटलं. "एकदम सीधा."